इंजिन बंद पडलेलं विमान खाली कसं येतं?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. खाली धानाची रोवणी सुरू असताना वरून ती छोटी विमानं घिरट्या घालत जातात आणि बांधीतलं कुणीतरी विचारतंच, ‘आता याचं इंजिन बंद पडलं तर?’ उत्तर बहुतेक वेळा एकच: दगडासारखं खाली येईल! हा समज साफ चुकीचा आहे.

५ मार्च २०१५ रोजी हॉलिवूडचे नट हॅरिसन फोर्ड, वय ७२, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाहून एकटेच उडाले. विमान १९४२ सालचं, रायन पीटी-२२, महायुद्धाच्या काळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनलेलं. थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. ते धावपट्टीकडे वळले, पण तिथवर पोचणार नाही हे ओळखून त्यांनी जवळचं गोल्फचं मैदान निवडलं. झाडाचा शेंडा घासून विमान आदळलं. हाडं मोडली, जीव वाचला. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही, कारण इथे खरं काम पंखांनी आणि डोक्याने केलं.

विमान पंखांवर तरंगतं. इंजिन फक्त वेग टिकवतं. इंजिन गेलं की वैमानिक नाक थोडं खाली करतो आणि पायडल न मारता घाट उतरणाऱ्या सायकलसारखं विमान उंची खर्चून वेग मिळवतं. आजची अनेक छोटी विमानं अशी एक किलोमीटर उंचीतून आठ-नऊ किलोमीटर पुढे जातात. जुनं, उघड्या बैठकीचं, तारांनी ताणलेलं विमान तेवढं जात नाही.

घात होतो तो घाबरलेल्या हाताने नाक वर ओढल्यावर. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा हवेचा जोर, कोसळते. याला स्टॉल म्हणतात. वळताना धोका आणखी वाढतो. विमान ४५ अंश कललं की उचलीचा काही भाग वळण्यात जातो, म्हणून उंची राखायला एकूण उचल १.४१ पट लागते. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली गेलं की स्टॉल होतो तो वेग, १.४१ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १९ टक्के वाढतो. ६० अंशांत तो ४१ टक्के वाढतो. सरळ उडताना ८० किमी वेगाला स्टॉल होणारं विमान तिथे ११३ लाच होतं! कमी उंचीवर मागे वळण्याचा हट्ट म्हणूनच जीवघेणा.

मग उरतं थांबणं. ताशी १०० किमी वेगाचं विमान एका मीटरात थांबलं तर शरीरावर वजनाच्या सुमारे ४० पट जोर येतो. दहा मीटर घसरत थांबलं तर चार पट. म्हणून मोकळी, सपाट जागा. आपल्याकडे कापणीनंतरची कोरडी बांधी चालेल, धुरा आडवा आला नाही तर. चिखलात मात्र चाकं रुततात आणि विमान उलटतं.

फोर्ड यांच्या विमानाचं इंजिन का गेलं? जुनी राजदूत किंवा लुना खोललेल्यांना कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, जेट ठाऊक असेल. पेट्रोल मोजून सोडणारं ते बारीक भोक. चौकशीत तोच मुख्य जेट जागेवरून सुटलेला सापडला. बेहिशेबी पेट्रोल आत गेलं, हवेचं प्रमाण बिघडलं, ताकद गेली. सुटणाऱ्या आट्यांना लिंबू-मिरची रोखत नाही. खोलून तपासावंच लागतं. त्याच चौकशीत आणखी एक दोष निघाला: खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीला नीट मजबुती न देता बसवला होता. आदळताना ती पाठच तुटली आणि दुखापत वाढली.