साइटच्या स्क्रूला हात लावण्याआधी

एअर पिस्तूल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पिस्तूल नेऊन महिना-दीड महिना झाला की बरेच जण दुकानात परत येतात. तक्रार बहुतेक एकच असते: "अण्णा, साइट हललीय वाटतं. सगळे छर्रे खाली डावीकडंच पडालेत." साइट म्हणजे पिस्तुलावर नेम धरायची खाच आणि खूण.

असं कुणी म्हटलं की आम्ही आधी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारतो. खानापूरकडचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन आला होता. त्याच्या पिस्तुलाची पाचही भोकं 1 रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तीही टार्गेटवरच्या काळ्या गोळ्याच्या बरोबर मध्यावर. मग तोच मुलगा उभा राहून मारायला लागला आणि भोकं सात गुणांच्या वर्तुळापासून नऊच्या वर्तुळापर्यंत, खाली डावीकडं पसरली. घरी रोप लावणी चालू होती, आठवडाभर चिखलात वाकून खांदा भरून आला होता. साइट जागच्या जागी होती. त्या दिवशी आम्ही स्क्रूला हात लावला नाही आणि पैसेही घेतले नाहीत.

तुम्ही स्वतःही हेच करून बघा. आधी भोकं किती जवळजवळ पडतात ते बघायचं, कुठं पडतात ते नंतर. पाच छर्रे पसरलेले असतील तर साइट कितीही फिरवा, पसरलेला घोळका फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाईल. दुसऱ्या दिवशी हात बरा असला की तोच घोळका भलतीकडं, आणि मग पुन्हा स्क्रू. सहा-सहा महिने असे घालवलेली मुलं आम्ही बघितली आहेत, म्हणून हे पत्रक छापलं.

आता थोडा हिशेब. मॅचच्या पिस्तुलात मागची खाच आणि पुढची साइट, जिला जुनी माणसं माशी म्हणतात, यांच्यात साधारण 32 सेंटिमीटर अंतर असतं. टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे त्याच्या 31 पट लांब. माशी खाचेच्या मधोमध न राहता 1 मिलिमीटर बाजूला गेली की छर्रा कागदावर 31 मिलिमीटर लांब जातो. मधलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटर व्यासाचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरनं बाहेर, त्यामुळं दहाचा नेम थेट सातवर येतो. पण माशी खाचेत बरोबर बसलेली असताना अख्खा हात 1 मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही तेवढाच, 1 मिलिमीटर सरकतो. म्हणून हात डुलतो याची काळजी करू नका. हात सगळ्यांचाच डुलतो. मनगट वाकणार नाही आणि माशी खाचेतून सरकणार नाही, एवढं सांभाळा.

त्यासाठी नजर माशीवर हवी. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. काळा गोळा स्वच्छ दिसत असेल तर माशी धूसर झाली आहे, आणि ती किती सरकली हे तुम्हाला कळणारच नाही. नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका, त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरा. आमच्याकडून नेलेली पिस्तुलं तशीच लावून दिलेली असतात. कुणी तुम्हाला मध्यावर नेम धरायला शिकवलं असेल तर छर्रे वर जाणारच.

खाली डावीकडं जाणारे छर्रे हे उजव्या हातानं मारणाऱ्यांच्या झटक्याचं लक्षण असतं. साइट जुळलेली दिसली की "आत्ता!" म्हणून बोट ओढलं जातं, सोबत अख्खी मूठ आवळली जाते. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर ठेवा आणि दाब सरळ मागं, हळूहळू वाढवत न्या. 10 मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत ट्रिगरचा दाब कमीत कमी 500 ग्रॅम लागतो, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याएवढा. तो एकदम टाकायचा नाही, साठवत न्यायचा. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद माशीकडंच बघत राहा. भोक बघायला डोकं लगेच वर उचललं की मनगटही त्याच्यामागं हलतं. आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली आणा. हात खाली आणण्यात कमीपणा नाही. 60 छर्ऱ्यांना 75 मिनिटं असतात, घाई कशाला?

घरी रोज पंधरा मिनिटं रिकाम्या पिस्तुलानं सराव करा. पिस्तुलात ड्राय फायरचा, म्हणजे छर्रा न मारता नुसता ट्रिगर दाबण्याचा खटका असेल तर तो लावा, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, समोर भिंत असू द्या, पलीकडून कुणी येणारं दार नको. पांढऱ्या भिंतीसमोर माशी हलते का, एवढंच बघायचं. यात एकही छर्रा खर्च होत नाही आणि सगळ्यात जास्त सुधारणा इथंच होते. उभं राहण्याचं तर आणखी सोपं आहे: डोळे मिटून हात उचला, मग उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला गेली असेल तर हात ओढून आणू नका, पाय सरकवा.

साइट खरोखर लावावी लागते ती कधी? पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन कागद, वेगवेगळ्या दिवशी मारलेले, तिन्हींत घोळका जवळजवळ आणि तिन्हींत एकाच बाजूला असेल तेव्हा. किंवा छर्ऱ्याचा डबा बदलला, पिस्तुलाची मूठ तासून घेतली, किंवा पिस्तूल दुसऱ्या कुणाकडून घेतलं तेव्हा. नियम सोपा आहे: छर्रे जिकडं न्यायचे तिकडं मागची साइट सरकवायची. स्क्रूवरच्या खुणांचा अर्थ मात्र सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही. काहींवर छर्रा आता कुठं पडतोय ते लिहिलेलं असतं, काहींवर तो कुठं जायला हवा ते. म्हणून दोनच क्लिक फिरवा, पाच छर्रे मारा, बघा.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. सिलिंडरमधली हवा फार उतरली की छर्रे एकाएकी खाली जाऊ लागतात. आधी दाबाचा काटा बघा. मागच्या साइटचा आणि मुठीचा स्क्रू ढिला नाही ना, तेही बघा.

दुकानात येताना शेवटचे तीन कागद तारीख टाकून आणा, छर्ऱ्याचा डबाही आणा, आणि वाटेत साइट फिरवू नका. निपाणी-चिकोडीकडून येणार असाल तर सकाळी या. पिशवीवर मारून बघायला, मग तुमचा हात बघायला तासभर सहज जातो. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.