डेस्कटॉप जीआयएसमधून डेटा व नकाशा एक्स्पोर्ट करणे

डेस्कटॉप जीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणाऱ्या प्रणालीत) झालेले काम दुसऱ्याच्या संगणकावर किंवा कागदावर वापरता येईल अशा फाइलमध्ये उतरवणे म्हणजे एक्स्पोर्ट. त्याचे दोन भाग पडतात. लेयरमधल्या (नकाशाच्या एका थरातल्या) आकृत्या आणि त्यांना जोडलेला तक्ता शेपफाइल, जिओपॅकेज, केएमएल अशा स्वरूपात काढणे हा एक. शीर्षक, सूची, प्रमाण, दिशाचिन्ह यांसह मांडलेले पान पीडीएफ किंवा चित्र म्हणून काढणे हा दुसरा. प्रत्येक स्वरूपात काहीतरी मागे राहतेच, म्हणून काय मागे राहिलेले चालेल ते आधी ठरवावे. या नोंदीतली मेनूंची नावे क्यूजीआयएस या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरमधली आहेत.

महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तसेच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो या संस्था नागपुरातच असल्याने या कामाची इथे मोठी वर्दळ आहे. नागपूरच्या कामात दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात: यूटीएमचा पट्टा आणि देवनागरी मजकूर.

यूटीएम ही पृथ्वीचा गोल पट्ट्यापट्ट्याने सपाट मांडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी प्रक्षेपण पद्धत; तिचे पट्टे रेखांशाच्या सहा-सहा अंशांचे असतात. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. मुंबई, पुणे, अमरावती शहर ४३ मध्ये येतात; नागपूर सुमारे ७९.०९ अंशांवर असल्याने ४४ मध्ये, म्हणजे ईपीएसजी या निर्देशांक पद्धतींच्या यादीत क्रमांक ३२६४४. अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून तर हे रेखावृत्त आरपार जाते. राज्यभराचा डेटा सोयीसाठी एकाच ४३ व्या पट्ट्यात दिलेला असतो. तो तसाच वापरला तर नागपुरात दर किलोमीटरमागे सुमारे १.८ मीटर अंतर जास्त भरते आणि नकाशाची उत्तर दिशा जवळपास दीड अंशाने कलते. आराखड्याच्या कामाला ही चूक परवडत नाही.

याहून मोठी चूक ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धती) या आज्ञेमुळे होते. ही आज्ञा निर्देशांक बदलत नाही, फक्त त्यांच्यावरचे लेबल बदलते. ४४ व्या पट्ट्यातल्या नागपूरच्या लेयरवर ४३ चे लेबल लावले की अख्खे शहर सहा अंश पश्चिमेला सरकते आणि गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन बसते. पट्टा खरोखर बदलायचा असेल तर लेयरवर उजवे क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’, मग ‘सेव्ह फीचर्स ॲज’ उघडावे आणि तिथल्या सीआरएसच्या चौकटीत ३२६४४ निवडावे. त्याच चौकटीत ‘प्रोजेक्ट सीआरएस’ हाही पर्याय दिसतो. पार्श्वभूमीला ऑनलाइन नकाशा जोडलेला असेल तर प्रोजेक्ट बहुधा वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये असतो. नागपूरच्या अक्षांशावर त्या प्रक्षेपणात सपाट पद्धतीने मोजलेले क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी फुगते. एक हेक्टरचे शेत १.१५ हेक्टर दिसते.

आता देवनागरीकडे. शेपफाइलचा तक्ता डीबीएफ या जुन्या स्वरूपात असतो. त्यात स्तंभाच्या नावाला १० बाइट आणि मजकुराच्या एका रकान्याला २५४ बाइट मिळतात. यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीची प्रत्येक खूण, मग ती मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेते. त्यामुळे स्तंभाच्या नावात तीनच खुणा मावतात: ‘लोकसंख्या’चे ‘लोक’ उरते, कधी त्यापुढे तुटका बाइटही लटकतो. रकान्यात ८४ खुणा बसतात; लांबलचक पत्ता मध्येच तुटतो. शेपफाइल द्यावीच लागली तर स्तंभांची नावे आखूड रोमन अक्षरांत ठेवावीत, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावे आणि एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, सीपीजी या पाचही फाइली एकत्र झिप करून पाठवाव्यात. पीआरजे राहिली तर प्रक्षेपण कळत नाही, सीपीजी राहिली तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. जुना डेटा कृतीदेवसारख्या फाँटमध्ये भरलेला असेल तर एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

जिओपॅकेजमध्ये यातली एकही अडचण नाही. एकाच फाइलमध्ये अनेक लेयर आणि त्यांच्या शैलीही राहतात, म्हणून समोरच्याची अडचण नसेल तर तेच द्यावे. फक्त प्रोजेक्ट बंद करून मगच फाइल कॉपी करावी. लेयर उघडी असताना ताजे बदल शेजारच्या ‘वॉल’ या तात्पुरत्या फाइलमध्ये असू शकतात आणि नुसती जीपीकेजी (जिओपॅकेजची मुख्य फाइल) उचलली की ते मागे राहतात. केएमएल आणि जिओजेसन अक्षांश-रेखांशातच लागतात. जिओजेसनला दशांशानंतर सहा अंक पुरेत, अचूकता साधारण दहा सेंटीमीटरची मिळते. डीएक्सएफ या कॅड स्वरूपात तक्ता जात नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती डबलक्लिकने उघडल्यास मराठीचा कचरा होऊ शकतो. ती ‘डेटा’ मेनूतून यूटीएफ-८ सांगून आत घ्यावी.

रास्टरमध्ये, म्हणजे चौकोनी पेशींनी बनलेल्या लेयरमध्ये, ‘रॉ डेटा’ आणि ‘रेंडर्ड इमेज’ यांतला फरक सांभाळावा. दुसऱ्यात फक्त रंग उरतात, उंचीचे आकडे जातात.

लेआउटमध्ये, म्हणजे नकाशाचे पान मांडायच्या खिडकीत, पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवावा, कारण प्रमाण त्यावर अवलंबून असते. आडव्या ए३ वर ४० सेंटीमीटरची चौकट १:५०,००० ला २० किलोमीटर दाखवते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए३ चे चित्र ४९६१ × ३५०८ पिक्सेलचे होते. ए० ला सुमारे १४ कोटी पिक्सेल भरतात, मेमरी कमी पडते आणि एक्स्पोर्ट अडतो. भिंतीवरच्या नकाशाला १५० डीपीआय चालते. ऑनलाइन पार्श्वभूमी ३०० डीपीआयला काढली की तिच्यावरची गल्ल्यांची नावे बारीक होऊन वाचता येत नाहीत; छापायच्या नकाशात रस्ते स्वतःच्या व्हेक्टर (रेषा-आकृत्यांच्या) लेयरने दाखवणे बरे.

पीडीएफच्या खिडकीत मजकूर ‘पाथ’ (अक्षरांच्या बाह्यरेषा) म्हणून काढायचा की ‘टेक्स्ट’ म्हणून, हे विचारले जाते. छपाईसाठी पाथच घ्यावा. टेक्स्ट ठेवून ती पीडीएफ फ्लेक्सवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये उघडली की ‘धरमपेठ’ निभावते, पण ‘सीताबर्डी’तला रफार आणि ‘लक्ष्मीनगर’मधले ‘क्ष्म’ सुटे होऊ शकतात. पाथमध्ये नाव शोधता येत नाही, एवढे सोसावे. एखाद्या लेयरला ब्लेंडिंग मोड (खालच्या थराशी रंग मिसळण्याची पद्धत) दिलेला असेल तर त्या भागाचे चित्र बनते आणि रेषा मोठ्या केल्यावर दातेरी दिसतात.

महापालिकेच्या दहा झोनचे दहा नकाशे हवे असतील तर ‘ॲटलास’ (एकाच मांडणीतून अनेक पाने काढणारी सोय) वापरावा: झोनची लेयर कव्हरेज म्हणून द्यावी, नकाशाच्या चौकटीला ‘कंट्रोल्ड बाय ॲटलास’ लावावे, शीर्षकात झोनच्या नावाचा स्तंभ जोडावा. झोन लहानमोठे असल्याने समास ठेवून बसवले तर प्रत्येक पानाचे प्रमाण वेगळे येते. तुलना करायची असेल तर स्थिर प्रमाण निवडावे. छापताना ‘ॲक्चुअल साइज’ ठेवावे. ‘फिट टू पेज’ने पान आक्रसले तर छापलेले अंकप्रमाण खोटे ठरते, रेषाप्रमाण मात्र पानाबरोबर आक्रसून खरेच राहते. म्हणून रेषाप्रमाण कधीही गाळू नये.

फाइल पाठवण्यापूर्वी ती नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडावी. आकृत्यांची संख्या मूळ लेयरशी ताडावी. मूळ लेयरवर फिल्टर लावलेला राहिला असेल तर तेवढ्याच आकृत्या बाहेर पडतात. ४४ व्या पट्ट्यात नागपूर शहराचा पूर्व निर्देशांक तीन लाख मीटरच्या आसपास असतो. तो सव्वानऊ लाख दिसला, तर डेटा अजून ४३ मध्येच आहे.