भोक कुणी मोठं केलं?

एमएच १३ वाल्यांना, म्हणजे आम्हा सोलापूरकरांना, एचएसआरपीची (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची) गोष्ट नव्यानं सांगायला नको. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ही प्लेट सुरुवातीपासूनच असते. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ची मुदत होती, ती आपल्या पद्धतीनं पुढं सरकत गेली. माझ्या मेहुण्यानं अर्थातच शेवटचा आठवडा गाठला.

त्याचा बंद बॉडीचा टेम्पो आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेल भरायचे आणि हैदराबाद गाठायचं, हा त्याचा धंदा. टेम्पोची मागची दारं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. जुनी प्लेट उतरवायला पान्हा लावला, पण स्क्रू फिरवावा लागलाच नाही. चिमटीत धरून ओढला तर दुधाच्या दातासारखा हातात आला. भोकाभोवती रुपयाएवढा पांढरा भुगा, त्याच्या कडेनं रंगाला फुगे. प्लेट बसवणारा म्हणाला, "मोठा वॉशर टाकून घ्या, धरेल." मेहुणा माझ्याकडं वळला, "दाजी, ॲल्युमिनियमला कुठं गंज लागतो? आणि स्क्रू तर स्टेनलेसचा हाय की!"

स्क्रू खरंच स्टेनलेसचा होता. लखलखीत, जणू आजच डबीतून काढला. घोटाळा तिथंच होता.

ॲल्युमिनियमला गंज लागत नाही हे अर्धं खरं. त्याचा तांबडा गंज होत नाही. उघड्या हवेत त्याच्यावर क्षणात ऑक्साइडची साय धरते, काही नॅनोमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. साय तुटली तर लगेच नवी धरते. पण आम्लात ती विरघळते आणि अल्कलीतही विरघळते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात चिंचेचं सार ठेवू नको म्हणून आजी ओरडायची ते याचसाठी. आणि खाऱ्या पाण्यातला क्लोराइड तिला जागोजागी टोचून भोकं पाडतो. आपल्याकडं टेम्पो धुतला जातो तो बोअरच्या पाण्यानं. ते तोंडात धरवत नाही, पण पत्र्यावर खुशाल मारतात.

आता स्क्रूकडं येऊ. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांवर मिळून ओलावा, एवढं जमलं की विजेचा सेल तयार. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून केला होता तोच. दोघांतला एक धातू इलेक्ट्रॉन सोडतो आणि स्वतः विरघळत जातो. दुसऱ्याच्या पृष्ठभागावर पाण्यातला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. दुसऱ्याचं काही बिघडत नाही, उलट तो सुरक्षित राहतो. पहिला झिजतो म्हणून दुसरा चमकतो.

झिजणार कोण? इथं पुस्तक उघडलं की गंमत होते, आणि मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणता धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो हे प्रमाण विभवांच्या तक्त्यात व्होल्टमध्ये दिलेलं असतं; जितकं जास्त उणे, तितका तो आधी झिजणारा. त्यात ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्टवर, जस्त उणे ०.७६ वर, लोखंड उणे ०.४४ वर. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसवला तर ॲल्युमिनियम झिजावं आणि जस्त वाचावं. खाऱ्या पाण्यात प्रत्यक्ष मोजलं तर उलटं दिसतं: जस्तच आधी झिजतं. कारण तक्त्यातलं ॲल्युमिनियम नागडं आहे आणि दारावरच्या ॲल्युमिनियमनं साय पांघरलेली आहे. सायीमुळं त्याचं विभव वर सरकतं, जस्त आणि लोखंड यांच्या मधे कुठंतरी येऊन बसतं. स्टेनलेसवरही क्रोमियम ऑक्साइडची साय असते, ती आणखी पक्की, म्हणून स्टेनलेस या रांगेत पार तांब्या-पितळेच्या शेजारी जातं. तेव्हा ॲल्युमिनियमच्या दृष्टीनं जस्ताचा मुलामा असलेला दोन रुपयांचा स्क्रू हा, मुलामा टिकेपर्यंत, स्टेनलेसपेक्षा भला शेजारी. सगळ्यांत वाईट पितळी. शोभेसाठी पितळी स्क्रू लावणारे हौशी जीपवाले मी पाहिलेत.

हे घरी बघायचं असेल तर स्टीलच्या डब्यात लिंबाचं लोणचं घ्या आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल अशी दाबा की ती लोणच्यालाही टेकेल आणि डब्याच्या काठालाही. दुसरी फॉइल काचेच्या वाटीतल्या लोणच्यावर तशीच लावा. एक-दोन दिवसांनी दोन्ही फॉइली उजेडापुढं धरा. स्टीलवरची चाळणीसारखी दिसेल. (लोणचं टाकून द्या.)

जाणकार इथं अडवतील. झिजणारा धातू मोठा आणि झिजवणारा छोटा असेल तर नुकसान विरळ पसरतं, मग एवढ्या मोठ्या दाराला एवढ्याशा स्क्रूनं काय होणार? दार समुद्रात बुडवलं असतं तर हा मुद्दा खरा ठरला असता. पण प्लेटच्या मागं पाणी असतं ते फटीत ओढलेल्या पातळ थरात, धुळीनं धरून ठेवलेलं. त्या थराची पोच भोकाभोवती काही मिलिमीटर. सेलच्या लेखी दार तेवढंच. मोठं दार कागदावर राहतं आणि सगळी झीज भोकाच्या कडेवर येते.

आकडा मांडून पाहू. १० मायक्रोॲम्पियर म्हणजे काहीच नाही, त्यात सर्वांत बारका दिवाही नीट लागणार नाही. किती विजेला किती धातू विरघळतो हे सांगणाऱ्या फॅरडेच्या नियमानं तेवढा प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे २९ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम विरघळतं, म्हणजे ११ घन मिलिमीटर. पत्रा १ मिलिमीटर जाड असेल तर ५ मिलिमीटरचं भोक सव्वासहाचं होतं. मग स्क्रूचे आटे धरणार कशाला? आपल्या कोरड्या सोलापुरात पत्रा बारा महिने ओला राहत नाही, म्हणून वर्षाचं काम व्हायला सहा-सात वर्षं लागली, इतकंच.

नवी एचएसआरपी नियमानुसार १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचीच असते. त्यामुळं प्लेट आणि दार यांचं आपसात भांडण नाही. भांडण लावतो तो मधला स्क्रू. स्क्रूऐवजी पॉप रिवेट (दांडी ओढून बसवायचा खिळा) लावला आणि तो ॲल्युमिनियमचा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याची ओढायची दांडी बहुधा लोखंडी असते आणि तुटल्यावर तिचं टोक आतच राहतं.

हे दुखणं जुनं आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलानं 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, तोही लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी पाहतात तर खिळे खाऊन गेलेले. काही मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते त्याचे कपटे त्या खिळ्यांच्या आणि पत्र्याच्या मधे अडकले होते. व्होल्टानं बॅटरी केली १८०० साली. बॅटरी काय असते हे कळण्याआधीच कागदानं ती तोडून दाखवली होती.

आपला उपायही तोच, कागदाऐवजी नायलॉन. नुसता वॉशर पुरत नाही, कारण स्क्रूचं डोकं पत्र्यापासून वेगळं ठेवलं तरी त्याची दांडी भोकाच्या कडेला टेकतेच. टोपीवाला बुश, म्हणजे भोकात बसणारी कडेवाली नळी हवी, आणि मागच्या नटाखालीही वॉशर. मेहुण्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा सुचवला. ट्यूब काळी असते ती काजळीमुळं. काजळी भरपूर असेल तर रबरातूनही थोडी वीज जाते, शिवाय तो तुकडा पाणी धरून ठेवतो.

दुकानदार आधी 'नॅनो' लिहिलेला एक स्प्रे पुढं करत होता. शंभर रुपयांचा नॅनो नको, बुश दे म्हटलं. भुगा खरवडला, प्राइमर मारला, जुनं भोक सोडून शेजारी नवी भोकं पाडली आणि बुश घालून प्लेट बसवली.

एक सांगायचं राहिलं. जुन्या प्लेटच्या स्क्रूला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधली जायची, लोखंडी तारेनं. त्यांपैकी डावीकडच्या ज्या स्क्रूवर लिंबाचा रस ठिबकायचा, तिथलं भोक सगळ्यांत मोठं निघालं. गाडीला दृष्ट लागली असेल तर ती त्या लिंबाचीच, असं मी मेहुण्याला म्हणालो. तो हसला. पुढच्या शनिवारी लिंबू परत लटकलं, पण सुतळीनं, खालच्या बंपरला, आणि प्लेटपासून वीतभर लांब.