‘वाफ दिली’ म्हणजे नक्की काय दिलं?

आपल्याकडे नेब्युलायझरलाही, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणाऱ्या मशीनलाही, ‘वाफेचं मशीन’च म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. लेक तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. छातीत घरघर सुरू झाली म्हणून डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "वाफ द्या, चार तासांनी परत द्या." मी कामावर होते, मशीन कपाटात. घरातल्यांनी पाण्यात ओवा टाकून मनापासून वाफारा दिला. संध्याकाळी आले तर श्वासागणिक पोरीच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. तेव्हापासून आमच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: पातेल्यातला तो वाफारा, मशीनमधलं ते ‘नेब’.

वाफाऱ्याची गरम वाफ नाकाघशात शिरते आणि बहुतेक तिथेच थंड होऊन पाणी होते. चोंदलेलं नाक सुटल्यासारखं वाटतं, शेंबूड सैल होतो. मोठ्या माणसाच्या सर्दीत तेवढ्यानेही बरं वाटतं. पण दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, आतून सूज असते. ते वाफेने सुटत नाही. शिवाय उकळतं पातेलं आणि वळवळणारं मूल, ही जोडी मला बघवत नाही. भाजायला एक लाथ पुरते. लहान मुलांना मी वाफारा देतच नाही.

आता नेबच्या मास्कमधून येणाऱ्या पांढऱ्या धुराखाली हात धरून बघा. गार लागतो. ती वाफ नाहीच, औषधाचं धुकं आहे. मशीन नळीतून जोरात हवा सोडतं आणि कपातल्या औषधाचे बारीक थेंब होतात. त्यातले 1 ते 5 मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब खोलवरच्या नळ्यांपर्यंत पोचतात, मोठे घशातच अडकतात. साल्बुटामॉल हे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. त्याने हात थरथरतात, छाती धडधडते. ब्युडेसोनाईड हे दुसरं औषध सूज उतरवतं, पण सावकाश. म्हणजे काम करतं ते औषध, मशीन फक्त ते पोचवतं. एप्रिल 2021 मध्ये नेब्युलायझर ऑक्सिजन सिलिंडरची जागा घेतो असा व्हिडिओ फिरला होता. ते साफ चुकीचं होतं. साधं मशीन खोलीतलीच हवा ढकलतं.

म्हणूनच ओवा, कापूर, नीलगिरीचं तेल यांतलं काहीही नेबच्या कपात टाकू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर तिथे सूज येते. नळाचं पाणी नको, नुसतं उकळून गार केलेलंही नको, त्यानेही श्वासनळ्या आवळू शकतात. डॉक्टरांनी औषध पातळ करून घ्यायला सांगितलं असेल तर 0.9 टक्क्यांचं निर्जंतुक सलाईनच वापरा.

मुलाला ताठ बसवा आणि मास्क गालाला नीट टेकवा. लांबून धरला तर बरंचसं औषध हवेत जातं. पाच-दहा मिनिटांत कप फुरफुरायला लागतो. त्याला दोन टिचक्या मारा, कडेचे थेंब खाली येतात. ब्युडेसोनाईड असेल तर नंतर चूळ भरायला लावा आणि तोंड पुसा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

स्वच्छतेत तर दोघांची तुलनाच नको. पातेलं घासलं की झालं. नेबच्या कपात मात्र ओल राहते, तिच्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच औषधाबरोबर थेट छातीत जातात. आमच्याकडे प्रत्येक वेळी कप सुटा करून मास्कसकट कोमट साबणाच्या पाण्याने धुतो, खळबळून घेतो, झटकतो आणि धुतलेल्या कपड्यावर उघडा वाळत ठेवतो. पुसत नाही, कारण फडक्याचे धागे कपातल्या बारीक भोकात अडकतात. नळी धुवायची नसते. आत दव दिसलं तर नुसती मशीनला जोडून दोन-तीन मिनिटं चालवायची. सुटे भाग अधूनमधून निर्जंतुकही करावे लागतात. कोणते भाग उकळून चालतात ते मशीनच्या पुस्तिकेत बघा. सगळे मास्क उकळता येत नाहीत, काही वाकडे होतात आणि मग गालाला नीट बसत नाहीत. मशीन कधीही पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, तेही प्लग काढून. हवेचा फिल्टर करडा पडला की बदला.

आणि नेब देऊनही धाप उतरत नसेल, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुढच्या डोसची वाट बघू नका, पाणीही तापवू नका. तडक दवाखाना गाठा.