यंत्रानुवादित खेळकथा

यंत्रानुवादित खेळकथा : व्हिडिओ गेममधले संवाद, सूचना आणि पडद्यावर उमटणारे शब्द भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून, माणसाची नजर न फिरवता, तसेच खेळात परत बसवले की मूळ कथेची जी विपरीत आवृत्ती तयार होते ती. अशा आवृत्त्यांचा उगम बहुधा चोरट्या सीडींच्या धंद्यात आहे. पुढे हौशी खेळाडूंनी निव्वळ गंमत म्हणून त्या मुद्दाम बनवायला सुरुवात केली.

या प्रकाराचे उदाहरण म्हणून हमखास ‘झीरो विंग’चे नाव पुढे केले जाते, आणि ते चुकीचे आहे. तोआप्लान या जपानी कंपनीचा हा खेळ १९८९ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला. सेगा मेगा ड्राइव्ह या घरगुती खेळयंत्रासाठी निघालेल्या त्याच्या युरोपीय आवृत्तीत (१९९२) सुरुवातीच्या दृश्यात कॅट्स नावाचा खलनायक ‘ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस’ असे बजावतो. २००१ च्या सुमारास हे वाक्य इंटरनेटवर जगभर फिरले. पण हे काम यंत्राचे नाही, अर्धवट इंग्रजी येणाऱ्या माणसाचे आहे. तुमचे सगळे तळ आम्ही घेतले, हा मूळ जपानी वाक्याचा आशय त्या मोडक्या इंग्रजीतूनही पोचतो. माणसाचे व्याकरण कोसळते, मतलब शाबूत राहतो. यंत्राचे नेमके उलटे होते. वाक्य व्याकरणात बसते, शब्दांच्या जागाही ठीक असतात, फक्त बोलणाऱ्याला जे म्हणायचे होते ते त्यात नसते. हा फरक लक्षात ठेवला तर कोणता विनोद कोणाच्या पदरात टाकायचा ते कळते.

यंत्राच्या विनोदाचा नमुना रशियात सापडतो. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या दशकात परदेशी खेळांच्या अधिकृत रशियन आवृत्त्या मोजक्याच निघत, आणि त्या पगारदार माणसाला परवडत नसत. मॉस्कोच्या ‘गोर्बुश्का’ बाजारात मात्र कोणताही नवा खेळ सीडीवर स्वस्तात मिळे, वर ‘संपूर्ण रशियन भाषेत’ अशी ग्वाही छापलेली असे. या चोरट्या प्रकाशकांतही मानमरातब होता. ‘फार्गस’ची भाषांतरे त्यातल्या त्यात बरी, म्हणून बाकीचे चोर फार्गसचे नाव आपल्या वेष्टनावर छापत. स्पर्धा होती ती बाजारात आधी कोण पोचतो याची. हजारो वाक्ये आणि हातात थोडेसे दिवस, अशा वेळी प्रोग्रॅमचा आधार घेणे ओघानेच आले. सेंट पीटर्सबर्गमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या प्रोम्ट कंपनीचा प्रोग्रॅम घराघरांतल्या संगणकांवर होता. तो शब्दकोश आणि व्याकरणाचे नियम यांवर चाले. कचेरीतली पत्रे, यंत्रांची माहितीपत्रके यांत त्याचा निभाव लागे. शिवीगाळ, तुटक वाक्ये आणि टोपणनावे यांनी भरलेल्या संवादात तो शब्दाचा कोशातला एखादा अर्थ उचलून मोकळा होई. रशियन खेळाडूंच्या बोलण्यात ‘प्रोम्ट’ हे वाईट भाषांतराचे सामान्यनामच होऊन बसले. वाईट भाषांतर करणाऱ्या माणसासाठी त्यांच्याकडे ‘नादमोझ्ग’ असा वेगळा शब्द आहे. ‘स्टारक्राफ्ट’मधल्या ‘ओव्हरमाइंड’ या पात्राच्या नावाचे तुकडे पाडून ‘वर’ आणि ‘मेंदू’ असे जोडकाम केले गेले, त्यातून तो आला.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ वर आणि पुढच्या वर्षी संगणकावर आला. १९९२ चा काळ, लॉस एंजेलिसच्या धर्तीवरचे लॉस सँटोस शहर, आईचा खून झाल्यामुळे पाच वर्षांनी घरी परतलेला कार्ल जॉन्सन ऊर्फ सीजे, गल्लीतल्या टोळ्या, भ्रष्ट पोलीस अधिकारी आणि जिवलग मित्रांनी केलेला दगा अशी ही कथा. तिची सगळी जान कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गल्लीतल्या बोलीत आहे. चोरट्या आवृत्तीत आवाज मूळ इंग्रजीच राहिले आणि खालच्या ओळी रशियन झाल्या. भ्रष्ट अधिकारी टेनपेनी सॅम्युअल एल. जॅक्सनच्या आवाजात धमकावतो आहे आणि खाली भलतेच काही उमटते आहे, असा तो प्रकार. त्यातून पात्रांची नावे : भाऊ ‘स्वीट’, मित्र ‘बिग स्मोक’, एक हिप्पी ‘द ट्रुथ’, एक खेळण्यांचा दुकानदार ‘झीरो’. यांतले प्रत्येक नाव कोशात साधा शब्द म्हणून सापडते, आणि हे नाव आहे असे प्रोग्रॅमला सांगणारे कोणी नसते.

या आवृत्तीतला एक शब्द मात्र अमर झाला. खेळाडू मेला की मूळ खेळात पडद्यावर ‘वेस्टेड’ असे येते. टोळीच्या बोलीत त्याचा अर्थ ठार, खलास. कोशातल्या पहिल्या अर्थांपैकी एक आहे पैसा वा वेळ दवडणे. त्यामुळे रशियन पडद्यावर आले ‘पोत्राचेनो’, म्हणजे ‘खर्च झाले’. कर्ता नाही, कोण खर्च झाले ते नाही. नायक रस्त्यावर आडवा पडला आहे आणि वर किराणाच्या वहीतल्यासारखी नोंद. रशियन तरुणांनी हा शब्द उचलला तो कायमचा. कोणी सायकलवरून पडले, परीक्षेत आपटले, तरी त्या चित्रावर ‘पोत्राचेनो’ चढू लागले. २०१३ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ अधिकृत रशियन मजकुरासह आला, तेव्हा भाषांतरकारांनी पगार घेऊन, शुद्धीत राहून, मृत्यूच्या पडद्यावर हाच शब्द ठेवला. मराठी वाचकाला यात रशियनांइतके हसू येणार नाही, कारण आपल्याकडे माणसे लढाईत ‘खर्ची पडतात’च. पानिपतची खबर देणाऱ्या सुप्रसिद्ध पत्रातही मोती गळाले, मोहरा गेल्या आणि खुर्द्याची गणती नाही, असा माणसांचा हिशेब नाण्यांत मांडलेला आहे.

गोंधळ नेमका कुठे होतो ते खेळाच्या फायली उघडल्यावर दिसते. सॅन अँड्रियासमधला सगळा मजकूर एका जीएक्सटी फायलीत असतो. प्रत्येक ओळीला एक सांकेतिक किल्ली, पुढे वाक्य. ही ओळ कोण कोणाला म्हणतो आहे, रागाने की थट्टेने, बाई बोलते आहे की बुवा, यातले काहीच तिथे दिसत नाही. वाक्यांच्या मधेच लाटेसारख्या चिन्हांत कोंडलेली अक्षरे असतात. त्यांतली काही रंग बदलतात, काही ओळ तोडतात, काहींच्या जागी खेळाडूने दाबायच्या कळीचे नाव येते. माणूस ही चिन्हे तशीच ठेवतो. प्रोग्रॅमने त्यांच्यातच एखादे अक्षर बदलले किंवा मध्ये मोकळी जागा घुसडली तर कळीचे नाव येतच नाही, आणि ‘गोळी झाडण्यासाठी दाबा’ एवढ्यावर वाक्य संपते. संवाद बिघडला तर करमणूक होते, सूचना बिघडली तर खेळाडू जागीच अडकतो. विनोदी चित्रफितींत पहिलाच भाग दिसतो म्हणून या आवृत्त्या लोकांना गमतीच्या वाटतात. भाषा न येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने त्या पैसे देऊन घेतल्या होत्या, हे त्यात विसरले जाते.

सुटे शब्द तर आणखी घातक. खेळाच्या यादीत ‘मिस’ असा एकच शब्द असतो. तो ‘नेम चुकला’ की ‘कुमारी’? ‘चेस्ट’ म्हणजे खजिन्याची पेटी की छाती? ‘बॅक’ म्हणजे मागे जा की पाठ? माणूसही नुसत्या यादीवरून हे सांगू शकत नाही, तो खेळ चालू करून पाहतो.

मुद्दाम बनवलेल्या आवृत्त्यांमध्ये सर्वांत पद्धतशीर काम क्लाइड मँडेलिन यांचे आहे. ‘मदर ३’ या जपानी खेळाच्या २००८ मधल्या गाजलेल्या हौशी इंग्रजी भाषांतरामागे तेच होते. त्यांनी स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी ४’ची (१९९१) सबंध जपानी संहिता गूगल ट्रान्सलेटमधून इंग्रजीत काढली, ती खेळात परत बसवली आणि ‘फंकी फँटसी ४’ या नावाने खेळून दाखवली. निवड अचूक होती. ही कथा भावनेने भारलेली आहे. राजाच्या हुकुमाने नकळत एक गाव जाळणारा काळा सरदार सेसिल, त्यात अनाथ झालेली लहानगी रिडिया, सर्वांना वाचवण्यासाठी स्वतःला दगड करून घेणारी जुळी भावंडे. मूळ कथा गंभीर असल्याशिवाय बिघाडाला धार येत नाही. शिवाय जपानी वाक्यात कर्ता सर्रास गाळलेला असतो, लिंग-वचन कळत नाही, शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. त्या काळातल्या खेळांत स्मृतीची टंचाई म्हणून चिनी चित्रलिपीतली चिन्हे वगळून बहुतांश मजकूर ध्वनिलिपीत लिहिला जाई, त्यामुळे शब्द कुठे संपतो हेही यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. गाळलेल्या कर्त्याचा अंदाज चुकला की ‘मी तिला वाचवतो’ आणि ‘त्याने तुला वाचवले’ यांत फरक उरत नाही. आणि या कथेत कोण कोणाशी एकनिष्ठ आहे हाच तर सगळा मामला आहे.

याच खेळाच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत म्हातारा मांत्रिक टेला एका राजपुत्रावर ‘यू स्पूनी बार्ड’ (अरे प्रेमवेड्या भाटा) असे ओरडतो. मूळ जपानीत तो फक्त ‘किसामा’ (अरे नीचा) म्हणतो. ही चूक नव्हे, माणसाने शोधलेला जुनाट शब्द आहे, आणि तो इतका आवडला की नंतरच्या भाषांतरकारांनीही तो काढला नाही.

बिघाडाची जात तंत्राबरोबर बदलते. गूगल ट्रान्सलेट २००६ मध्ये सुरू झाले तेव्हा ते आकडेवारीवर चाले. संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांसारख्या मजकुरांच्या जोड्यांवरून ते वाक्यांश जुळवी. लढाईतल्या शिव्यांना अशा दस्तऐवजांत जोड कुठून मिळणार? त्या काळच्या खेळकथा म्हणजे शब्दांची मिसळ. २०१६ च्या अखेरीस न्यूरल पद्धत (नमुन्यांवरून स्वतः शिकून सबंध वाक्य एकदम रचणारी) आली आणि वाक्ये गुळगुळीत झाली. चूक मात्र लपली. न समजलेल्या जागी हे यंत्र अडखळत नाही, ऐटीत काहीतरी रचून देते. २०१८ साली एकच शब्द पुनःपुन्हा लिहून दिल्यावर त्यातून प्रलयाची भाकिते बाहेर पडल्याचे गाजले होते. आरोळ्या, किंकाळ्या आणि टिंबांच्या लांबलचक ओळी यांनी भरलेल्या खेळसंहितेला हा धोका साध्या गद्यापेक्षा जास्त.

गूगलच्या सेवेत मराठी २०१३ मध्ये आली आणि न्यूरल पद्धत २०१७ मध्ये. मराठीत अशा खेळकथांचा अजून वेगळा वर्ग झालेला नाही, कारण मराठी खेळाडू मोठे खेळ इंग्रजीतूनच खेळतात. पण खड्डे कुठे आहेत ते उघड आहे. इंग्रजी पात्र ‘आय ॲम टायर्ड’ म्हणते तेव्हा मराठीला ‘दमलो’ की ‘दमले’ हे ठरवल्यावाचून तोंड उघडता येत नाही. ‘यू’चे तू, तुम्ही की आपण, हा पुढचा पेच. फायलीतल्या ओळींचा एकमेकींशी संबंध नसल्याने एकच राणी पहिल्या ओळीत ‘मी आले’ आणि तिसऱ्या ओळीत ‘मी निघतो’ म्हणू शकते, आणि तिचा शिपाई तिला एका दमात ‘महाराणी’ आणि ‘तू’ म्हणून मोकळा होतो.