वडा, चुरा आणि लेझर

नौपाड्यात गोखले रोडवरून जाताना भाचीने एका पार्लरची पाटी दाखवली. 'फक्त ६ सिटिंग, नको असलेले केस कायमचे गायब!' तिचं लग्न पुढच्या वर्षी आहे. तिने विचारलं, "मावशी, उजेडाने केसाचं मूळ जळतं, मग वरची कातडी कशी वाचते?" हा लेख त्या प्रश्नासाठीच आहे, कारण त्याचं उत्तर मला फार आवडतं.

केस काळा दिसतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. लेझरचा उजेड एकाच तरंगलांबीचा असतो. मेलॅनिन तो शोषून तापतं आणि ती आच मुळापर्यंत जाते. पण मेलॅनिन कातडीतही असतं, आपल्या सावळ्या कातडीत तर भरपूर. मग तीही पोळायला हवी.

१९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन त्वचावैज्ञानिकांनी यामागचं तत्त्व मांडलं. उजेडाचा रंग महत्त्वाचा आहेच, पण तो किती वेळ पाडायचा हेही तितकंच महत्त्वाचं.

स्टेशनबाहेर गरम वडा घ्या. त्याच्यासोबतचा चुरा हातात येईपर्यंत निवतो, वड्याच्या आतली भाजी मात्र बऱ्याच वेळाने खाल्ली तरी जीभ पोळते. लहान वस्तू लवकर निवते. त्यातही जाडी दुप्पट झाली की निवायला लागणारा वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. कातडीचा रंगद्रव्य असलेला वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. तो सुमारे १० मिलिसेकंदांत निवतो. जाड केसाचं मूळ ०.२ ते ०.३ मिलिमीटर रुंद असतं, त्याला ४० ते १०० मिलिसेकंद लागतात. आता उजेडाचा झोत ३० मिलिसेकंद चालू ठेवला तर? वरचा थर तापता तापताच उष्णता सोडत राहतो, मुळात मात्र ती साठत जाते. कातडी चुरा, मूळ वडा. शिवाय यंत्राचं टोक कातडीला थंडावा देत असतं.

झोत फार आखूड करूनही चालत नाही. केस पुन्हा उगवणाऱ्या मूळपेशी काळ्या भागात नसतात, त्याच्या जरा बाजूला असतात. केसाची उष्णता तिथवर झिरपायला वेळ द्यावा लागतो. गोंदण काढायचे लेझर सेकंदाच्या अब्जांश भागात झोत सोडतात, त्यामुळे मूळ कायमचं मरत नाही.

तरंगलांबीचंही असंच आहे. ७५५ नॅनोमीटरचा उजेड मेलॅनिन चटकन शोषतं, म्हणून तो गोऱ्या कातडीला बरा. १०६४ नॅनोमीटरचा कमी शोषला जातो आणि खोल जातो, म्हणून सावळ्या कातडीला अधिक सुरक्षित. ८१० चा डायोड लेझर या दोन्हींच्या मध्ये. पार्लरमध्ये 'लेझर' म्हणून कधी कधी आयपीएल वापरतात. तो लेझर नव्हे, अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो. यंत्र कोणतं आहे आणि चालवणारा कोण आहे, हे विचारायला लाजू नका.

पिकलेल्या केसात मेलॅनिन नाही, त्याला लेझर दिसतच नाही. लव बारीक, तीही चुऱ्यासारखी निवून जाते.

सिटिंग अनेक लागतात, कारण वाढीच्या अवस्थेतल्या केसावरच लेझरचा नीट परिणाम होतो, आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणूनच आधी वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं नाही. केसच उपटला तर तापणार काय? रेझर चालतो. रेझरने केस जाड उगवतात हा समज खोटा आहे. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते राठ लागतं. बाळाला डाळीच्या पिठाने चोळून लव जाते, हेही तसंच. ती आपोआप गळते, चोळण्याने फक्त कोवळी कातडी दुखावते.

'कायमचे गायब' हा दावा मात्र मला पटत नाही. अमेरिकेचं औषध प्रशासन लेझरला 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणू देतं. कायमचं काढणं म्हणायची मुभा इलेक्ट्रोलिसिसला आहे. त्यात प्रत्येक मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. ते पिकलेल्या केसालाही चालतं, पण एकेक केस घेत बसावं लागतं. पीसीओएस, म्हणजे बायकांमधला हार्मोनचा एक बिघाड, असेल तर हार्मोन नवे केस आणत राहतात, तेव्हा आधी डॉक्टर.

भाचीला मी सांगितलं, दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिना जातो, म्हणजे सहांना सहा-आठ महिने. सुरू करायचं तर आत्ताच, आणि तोवर उन्हात रापायचं नाही.