उत्तर आधी, प्रश्न नंतर

1980च्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत सकाळी संगणकासमोर बसणाऱ्याला कधीकधी चक्रावणारा अनुभव येई. कुणीतरी कुणाला तरी दिलेलं सविस्तर उत्तर समोर दिसे, पण मूळ प्रश्नाचा पत्ताच नसे. प्रश्न मागाहून, कधी एखाद्या दिवसाने येऊन पोहोचे. यात बिघाड काहीच नव्हता. युझनेट या संगणकांवरून चालणाऱ्या चर्चेच्या जाळ्यावर संदेश प्रवास करत तो असाच.

युझनेटची कल्पना 1979 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. तेव्हा आर्पानेट हे संगणकांचं जाळं होतं, पण त्यात शिरकाव मिळे तो मुख्यतः अमेरिकी संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या संस्थांना. इतरांकडे होता फक्त टेलिफोन. त्याच वर्षी आलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत यूयूसीपी नावाचा प्रोग्रॅम होता. त्यामुळे एक यंत्र दुसऱ्याला फोन लावून फायली देऊ-घेऊ शके. शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने या सोयीवर बेतून पहिला छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि चर्चेची देवाणघेवाण सुरू झाली.

पुढचं काम रात्रीचं. अमेरिकेत रात्री लांबच्या फोनचे दर उतरत, म्हणून यंत्रं तेव्हा एकमेकांना फोन लावत. संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारा 300 बॉड वेगाचा मॉडेम सेकंदाला साधारण 30 अक्षरं पाठवी. म्हणजे 3000 अक्षरांच्या एका पत्राला जवळजवळ पावणेदोन मिनिटं. अशा वेगात सगळ्यांनी एकाच ठिकाणी फोन लावणं परवडणारंही नव्हतं आणि शक्यही नव्हतं. म्हणून मध्यवर्ती यंत्र ठेवलंच नाही. प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या दोन-चार शेजाऱ्यांना नवे संदेश द्यायचे, त्यांनी पुढे त्यांच्या शेजाऱ्यांना. पाणी जसं वाट फुटेल तिकडे पसरतं, तसा संदेश पसरे.

पण गावातली बातमी दहा तोंडांतून फिरून पहिल्या माणसाकडेच परत येते. इथेही तेच होणार होतं. ‘अ’ने ‘ब’ आणि ‘क’ला संदेश दिला, दोघांनी तो ‘ड’कडे पोहोचवला, की ‘ड’कडे एकच पत्र दोनदा. ते पुन्हा सगळ्यांना वाटत सुटलं तर फोनचं बिल आणि डिस्क दोन्हींचा बोजवारा. यावरचा उपाय मला या साऱ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. प्रत्येक संदेशाला जगात एकमेव असा क्रमांक असे. यंत्र आलेल्या क्रमांकांची वही ठेवी. वहीत असलेला क्रमांक पुन्हा आला की तो संदेश टाकून दिला जाई. शिवाय संदेश ज्या ज्या यंत्रातून गेला, त्यांची नावं त्याच्या माथ्यावर उद्गारचिन्हांनी जोडून लिहिलेली असत. पुढचा शेजारी त्या यादीत आधीच असेल, तर त्याला संदेश पाठवायचाच नाही. कुणी वरून लक्ष ठेवत नव्हतं. प्रत्येकाने आपली वही सांभाळली की जाळं आपोआप सांभाळलं जाई.

सुरुवातीचा प्रश्न इथेच सुटतो. प्रश्न एका वाटेने निघाला आणि मधल्या एका यंत्राचा त्या रात्री फोनच लागला नाही, तर तो तिथे अडकून पडे. तोवर दुसऱ्या वाटेने प्रश्न मिळालेल्या कुणीतरी उत्तर लिहिलेलं असे आणि ते वेगळ्या, मोकळ्या वाटेने पोहोचलेलं असे. म्हणून उत्तर देताना मूळ मजकुरातल्या ओळी वर उतरवून घेण्याची पद्धत तिथे रुजली.

1986 साली एनएनटीपी ही संदेश पोहोचवण्याची नवी पद्धत आली आणि इंटरनेटच्या तारांवरून हीच वाटावाट रात्रीची वाट न पाहता होऊ लागली. मुंबईत एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यात डायल करून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, तीही याच सुमारास. पुढे युझनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा चर्चागट निघाला. तिथे मराठी मंडळी रोमन अक्षरांत मराठी लिहीत.

जागा कमी असल्याने बहुतेक ठिकाणी जुने संदेश काही दिवसांतच पुसले जात. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मात्र हेन्री स्पेन्सर यांनी 1981 ते 1991 या काळातले संदेश चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवले होते. टेपा होत्या 141, संदेश सुमारे 20 लाख. 2001 साली ते पुन्हा सगळ्यांना वाचायला मिळाले.